ती हॅलिफॅक्सला असते

सगळं थिएटर हसलं, मी हसले नाही. पडद्यावर तुर्कस्तानातल्या कुठल्यातरी डोंगराळ गावातली एक बाई गावच्या भट्टीपाशी पाव भाजून घ्यायला रांगेत उभी होती. पुढच्या बाईने मान वळवून तिला सहज विचारलं, तुझी मुलगी दिसली नाही गं बरेच दिवसांत. त्या बाईने पिठाचे हात कमरेच्या फडक्याला पुसले, दोनदा पुसले, आणि म्हणाली, जर्मनीला गेली, कारखान्यात नोकरी लागली, पगार चांगला आहे. मुलगी खरं तर गावच्या शाळामास्तराबरोबर इझमीरला निघून गेली होती, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. लोक का हसले तेही मला कळलं. हॉलमधले शंभरातले नव्वद जण तुर्की, म्हणजे आपण होऊन जर्मनीत येऊन बसलेले. मागून एक आजोबा तुर्कीत काहीतरी बोलले, बहुधा इथेच बसली असेल कुठेतरी असं, कारण लोक माना वळवून एकमेकांकडे बघत पुन्हा हसले. मी मात्र मान वळवली नाही, पडद्याकडेच बघत राहिले. कारण माझी मुलगी हॅलिफॅक्सला असते. कॅनडात. निदान गेले आठ महिने मी सगळ्यांना तसं सांगते आहे. प्रत्यक्षात ती आखनला असते, आमच्या र्युसेल्सहाइमपासून गाडीने अडीच तासांवर, आणि मे महिन्यापासून ती, कौमुदी, लेवेंत यिल्दिझची बायको आहे.

रविवारी सकाळी अकराचा खेळ होता. घरी मी इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीची मीटिंग आहे असं सांगून निघाले होते. नोव्हेंबरात संक्रांतीची मीटिंग कशाला, हे माझ्या नवऱ्याने, गुरुदत्तने, विचारलं नाही. आमच्या घरात हल्ली कुणी कुणाला फारसं विचारत नाही. हा मी चोरून पाहिलेला तिसरा तुर्की चित्रपट. पहिले दोन लॅपटॉपवर पाहिले, खाली जर्मन अक्षरं वाचत. मला बघायचं होतं, ही माणसं असतात कशी. जेवताना काय बोलतात, सुनेला काय म्हणून हाक मारतात, रागावल्यावर हात उगारतात का. मुलगी ज्या घरात गेली त्या घराची चौकशी आईने करायची असते, आणि माझ्या आईने माझ्या सासरची चौकशी केली होती ती चांगली सहा महिने, थेट दूधवाल्यापर्यंत. मी ती चित्रपटांतून करत होते. आज इथे येताना मला पक्कं वाटत होतं की पिस्तूल निघणार, भाऊ शोधायला निघणार, रक्त सांडणार. मला ते बहुधा हवंच होतं. घरी जाऊन मनातल्या मनात म्हणता आलं असतं, बघ, आपण तसे नाही. पिस्तूल काही निघालं नाही. एक बाई भट्टीपुढे उभी राहून माझंच वाक्य बोलली.

लेवेंतबद्दल कौमुदीने फेब्रुवारीत सांगितलं. स्वयंपाकघरात उभं राहून, सरळ, जर्मनमध्ये. ती सातव्या वर्षी इथे आली, तेव्हापासून महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ती जर्मनमध्ये बोलते आणि आम्ही मराठीत उत्तर देतो. तो ड्यूरेनला जन्मलेला, पुलांचं काम करणारा इंजिनीअर, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, दोघं दोन वर्षं एकत्र राहतात. गुरुदत्त काकडी कोचवत होता. त्याने सुरी खाली ठेवली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून हात धूत राहिला. रात्री मला म्हणाला, "जर्मन असता तर एक वेळ..." वाक्य पुरं केलं नाही. मला पुढचं ऐकू आलं. जर्मन असता तर आम्ही आधी थोडे रुसलो असतो, मग पुण्यात हॉल घेतला असता, त्या पोराला फेटा बांधून सगळ्या कोथरूडला दाखवला असता. गोरा जावई म्हणजे लोकांना कौतुकाचा विषय. गुरुदत्तला मी काही बोलले नाही, कारण हेच माझ्याही मनात येऊन गेलं होतं. गंमत म्हणजे आमची कोथिंबीर, मेथी, वांगी, डाळिंबं सगळं तुर्की दुकानातून येतं. गाड्यांच्या कारखान्यात ब्रेक तपासण्याच्या विभागात वीस वर्षं गुरुदत्तच्या शेजारी बसून डबा खाणारा माणूस तुर्की आहे, आणि ईदेला त्याच्याकडून आलेला बकलावा आम्ही मंडळात मिरवून वाटतो. त्यांचं सगळं आम्हाला चालत होतं. फक्त मुलगा चालत नव्हता.

कॅनडा माझ्या तोंडून निघालं ते पाडव्याच्या दिवशी. सासूबाईंचा, म्हणजे मनोरमाबाईंचा, व्हिडिओ कॉल होता. गुढी दाखवून झाली, श्रीखंड दाखवून झालं. मग त्या म्हणाल्या, "कौमुदी कुठाय? तिच्यासाठी एक चांगलं स्थळ आलंय हो. मुलगा म्युनिकजवळच आहे, ते उंटर-काहीतरी." मी म्हटलं, "आई, ती कॅनडाला गेली. नोकरी लागली तिथे." असं काही मी आधी ठरवलं नव्हतं. शिंक येते तसं ते आलं. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, आणि सांगितलं नाहीत ते?" मी म्हटलं, "सगळं फार घाईत झालं." पलीकडच्या खुर्चीत गुरुदत्त बसला होता. तो खोटं अजिबात बोलत नाही, टॅक्सच्या कागदात कामावर जायचं अंतर पाच किलोमीटरही जास्त लावत नाही. मला वाटलं, तो आता म्हणेल, नंदिनी, हे काय. त्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि प्यायला. दोन तासांनी भांडी पुसताना मला विचारलं, "कॅनडात कुठे?" तेव्हापासून ते आमच्या दोघांचं काम झालं. मी टोरोंटो म्हटलं. तो म्हणाला, "टोरोंटो नको, तिथे निम्मं कोथरूड आहे." त्याने नकाशा काढला. इंजिनीअर माणूस, जे करायचं ते नीट करायचं. व्हँकुव्हरला त्याचा मावसभाऊ, कॅलगरीला माझ्या शाळेतली मैत्रीण. शेवटी समुद्राकाठचं हॅलिफॅक्स निघालं, तिथे आमच्या ओळखीचं कुणीच नव्हतं. मला आठवतं, जागा सापडली तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

खोटं एकदा सांगून सुटत नाही, त्याला रोज खायला घालावं लागतं. माझ्या फोनवर घड्याळात तिसरं शहर आलं. तिथे बर्फ पडला की मला आधी कळे. सासूबाईंना रविवारी फोनवर मी सांगायचे, कौमुदीकडे वादळ झालं, दिवे गेले होते, आता बरी आहे. तिला एक घरमालकीण मी दिली, मग त्या बाईला मांजर दिलं. मांजराचं नाव सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी एका दमात सांगितलं, मॉली. खरी कौमुदी पंधरा दिवसांतून एक मेसेज पाठवायची. मी लिहायचे, बरी आहेस ना, जेवतेस ना वेळेवर, आणि तिचं उत्तर यायचं, पास्ट शोन. म्हणजे ठीकच आहे, चाललंय. दोन शब्द. त्या दोन शब्दांपेक्षा मॉलीबद्दल मला जास्त माहीत होतं. मग सप्टेंबरात, मंडळाच्या गणपतीत, तिथलीच मैत्रीण वीणा मोदकांच्या टेबलापाशी माझा दंड धरून म्हणाली, "नंदिनी, माझ्या भाच्याला हॅलिफॅक्सला जॉब लागला. कौमुदीचा पत्ता दे ना, तो एकटाच आहे गं." मी मोदकाला तूप सोडत होते. ते सोडतच राहिले, मोदक पार बुडाला. म्हटलं, "अगं, ती तर विनिपेगला शिफ्ट झाली ना." गाडीत हे गुरुदत्तला सांगितलं. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "विनिपेगला उणे तीस असतं." मला रडू येत होतं, का ते सांगता येत नव्हतं. आपण त्या पोरीला आणखी आत, आणखी थंडीत ढकललं, असं काहीतरी मला वाटत होतं.

पडद्यावर आता ती बाई वाण्याच्या दुकानात बसली होती. तिला लिहिता येत नव्हतं. वाणी तिच्यासाठी तिच्याच मुलीकडून तिलाच पत्र लिहीत होता, आणि ती मजकूर सांगत होती. आई, इथे मला स्वतंत्र खोली आहे. आई, काळजी करू नकोस. सांगता सांगता ती थांबली, वाण्याने वर पाहिलं, आणि ती म्हणाली, लिही, आई, तुझी आठवण येते. आता हॉलमध्ये कुणी हसत नव्हतं. शेजारची बाई सूर्यफुलाच्या बिया सोलायची थांबली. कोट मांडीवर होता, तो फार जड वाटायला लागला, आणि मला एकदम शालूआत्याची आंघोळ आठवली. म्हणजे तिच्या नावाची. शालूआत्या बाबांची धाकटी बहीण, ती नागपूरला असते असं मी लहानपणापासून ऐकत होते. आमच्या घरात कुणी नागपूरला जात नसे, तिथून कुणी येत नसे, आणि आल्बममध्ये एका फोटोची चार कोपऱ्यांची चिकटपट्टी नुसतीच होती. मी आठवीत असताना एका दुपारी बाबा ऑफिसमधून लवकर आले, चपला बाहेर काढल्या, सरळ न्हाणीघरात गेले, आणि कपड्यांसकट डोक्यावरून पाणी घेतलं. आईने टॉवेल दिला. कोण गेलं, ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. पुढे माझ्या लग्नात काकूने मला सांगितलं, शालू गेली ते तुझ्या बाबांना दीड महिन्याने कळलं होतं, आणि ती नागपूरला नव्हतीच कधी, पुण्यातच होती, खडकीला, दारूगोळा कारखान्यातल्या एका ख्रिश्चन माणसाबरोबर संसार करत होती. खडकी आमच्या घरापासून सायकलवर पाऊण तास. मला तेव्हा बाबांचा इतका राग आला होता. मी म्हटलं होतं, माझ्या मुलांच्या बाबतीत मी असं कधी होऊ देणार नाही.

मी उठले. अंधारात चार लोकांच्या पायांवर पाय देत, एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग करत बाहेर पडले. त्या बाईचं आणि मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. बाहेर रविवारचं रिकामं गाव, दुकानं बंद, ढगाळ उजेड. घरी जायचं तर डावीकडे वळायचं होतं. मी स्टेशनकडे चालायला लागले आणि चालताना मला वाटत होतं, नुसतं स्टेशनपर्यंत जाऊ, थोडी हवा खाऊ. एस-बानमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, बसले तेव्हा म्हटलं, विमानतळापर्यंत जाऊ, कॉफी पिऊ. विमानतळाच्या खालच्या फलाटावर कोलोनची गाडी उभी होती. तिकीट मी गाडीत बसल्यावर फोनवर काढलं. माझ्याजवळ काही नव्हतं. लेकीच्या घरी पहिल्यांदा जायचं तर ओटी न्यायची, नारळ न्यायचा, निदान चार लाडू. एवढे दिवस मी त्या ओटीचा विचार किती वेळा केला होता. खण निवडला होता, तो कपाटात होता. आणि मी निघाले ती पर्समध्ये सर्दीची गोळी आणि मंडळाच्या मीटिंगसाठी म्हणून घेतलेली वही घेऊन.

गाडी सुटल्यावर लगेच बोगदे सुरू झाले. डोंगर, बोगदा, डोंगर, बोगदा. काचेत मी दिसायचे आणि पुसली जायचे. लग्नाचा दिवस शुक्रवार होता. कौमुदीने ईमेल केली होती, तारीख, नोंदणी कार्यालयाचा पत्ता, आणि वेळ, अकरा वीस. खाली एकच ओळ मराठीत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली, आलात तर मला खूप आवडेल. आम्ही दोघांनी ती वाचली आणि दोघांनी न वाचल्यासारखं केलं. गुरुदत्त म्हणाला, "मी काही जाणार नाही. तुला जायचं तर जा." मला जायचं होतं. पण तो नाही म्हणतोय तर कशी जाऊ, असं मी स्वतःला सांगितलं. मला तेव्हा त्याची ढाल फार सोयीची वाटली होती, हे आज कबूल करायला हवं. मी बालवाडीत काम करते. त्या दिवशी अकरा वीसला मी पोरांना अंगणात न्यायला जॅकेटं चढवत होते, चेन लावत होते, एकेकाची, बावीस पोरांची. एका मुलीची चेन अडकली. ती अडकली ती अडकलीच, मी खाली बसून ओढत होते, आणि घड्याळ समोर होतं. अकरा चाळीसला मुलगी म्हणाली, नंदिनी, तू रडतेस? मी म्हटलं, वारा आहे. आम्ही अजून आतच होतो. संध्याकाळी कौमुदीने एक फोटो पाठवला. साधा पांढरा झगा आणि दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या. बांगड्या कुठून आणल्या, कुणी भरल्या, घालताना एखादी फुटली का, मला विचारायचं होतं. मी अंगठा पाठवला. उभा केलेला अंगठा, पिवळा. माझ्या मुलीच्या लग्नात मी दिलेला आहेर तो.

दोन बोगद्यांच्या मध्ये गुरुदत्तला फोन लावला. "मीटिंग संपली?" त्याने विचारलं.

"मीटिंग नव्हती. मी गाडीत आहे. आखनला चाललेय."

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. मला वाटलं, आता तो आवाज चढवेल. मी वाट बघत होते, त्याने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तिला कळवलंस?"

"नाही."

"आणि ती घरी नसली तर?"

"तर जिन्यात बसेन."

"थंडी आहे," तो म्हणाला. मग अगदी हळू, "तिला सांग, माझं..." आणि बोगदा आला. पलीकडच्या तोंडाला फोन पुन्हा लागला, तेव्हा मी विचारलं, काय सांगू? तो म्हणाला, "आल्झो, म्हणजे, काही नाही. तू जा." बत्तीस वर्षांच्या संसारात मला त्याचे अर्धवट सोडलेले शब्द पुरे करायची सवय आहे. हे मात्र मला पुरं करता आलं नाही.

कोलोनच्या आधी सासूबाईंचा मेसेज आला. रविवारची वेळ झाली होती. फोन का नाही लावलास, कौमुदीकडे बर्फ पडतोय का, तिला म्हणावं पायांत लोकरीचे मोजे घाल. त्यांनी ऐंशीव्या वर्षी मराठीत टाइप करायला शिकून घेतलंय, एक एक अक्षर शोधून. आमच्याकडे मी त्यांच्यासमोर गुरुदत्तला अहो म्हणते आणि त्यांची पाठ वळली की अरे, एवढं साधं नाटक तीस वर्षं चाललंय आणि कुणाचं काही बिघडलं नाही. त्या मोज्यांचं मला कसंतरीच झालं. विनिपेगमध्ये ज्या मुलीचे पाय गारठतायत ती मुलगीच नाही. मी लिहिलं, आई, कौमुदी कॅनडात नाही. कधीच गेली नव्हती. ती जर्मनीतच आहे, आखनला. तिचं मे महिन्यात लग्न झालं. मुलाचं नाव लेवेंत, तुर्की आहेत ते. मी तुमच्याशी खोटं बोलले. पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. मग सुलटा केला. निळ्या खुणा आल्या. वर ‘टाइप करत आहे’ असं येत होतं आणि जात होतं. कोलोनला तासभर थांबून गाडी बदलली, आखनची गाडी सुटली, शेतं, पवनचक्क्या, ड्यूरेन स्टेशन आलं, तो इथेच वाढला म्हणून मी बाहेर बघत राहिले, दिसली फक्त सायकलींची रांग. तेव्हा उत्तर आलं. गुरूला माहीत होतं? मी लिहिलं, हो आई. त्यानंतर काही आलं नाही. मला वाटत होतं, तुर्की या शब्दावर त्या अडकतील. त्या अडकल्या होत्या आपल्याला वगळलं यावर. तेही बरोबरच होतं. आम्ही एकीला लपवताना किती जणांना बाहेर ठेवलं होतं, त्याचा आम्ही विचारही केला नव्हता.

आखनला उतरले तेव्हा पावणेपाच झाले होते, अंधारून येत होतं. पत्ता मला पाठ होता, एवढ्या महिन्यांत फोनच्या नकाशावर त्या रस्त्याने मी कितीदा चालून आले होते. कोपऱ्यावरची बेकरी, सायकलींचं दुकान, चढ. प्रत्यक्षात चढ जास्त निघाला. इमारतीचं खालचं दार उघडंच होतं, कुणीतरी खोकी आत नेत होतं. तिसऱ्या मजल्यावर चढताना मी मनाशी जर्मन आणि मराठी दोन्हीत वाक्यं जुळवत होते. कौमुदी, मी चुकले. कौमुदी, एस टुट मिअर लाइड. कौमुदी, एक ग्लास पाणी दे आधी. एक मात्र पक्कं केलं होतं, आता खोटं नाही. काय वाटेल ते होवो, आजपासून जे आहे ते आहे. दाराबाहेर चार जोड बूट होते. आतून भांड्यांचे आवाज येत होते, कुणीतरी हसत होतं, आणि त्या हसण्यात कौमुदीचं हसणं मी ओळखलं. ते मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. मी बेल दाबली.

दार उघडलं ते माझ्याच वयाच्या एका बाईने. लालसर रंगवलेले केस, चष्मा डोक्यावर चढवलेला, हाताला पीठ. "या, बिट्टे?" म्हणाली, म्हणजे कोण हवंय. मी म्हटलं, मी कौमुदीची आई. त्या बाईने पिठाचा हात तसाच छातीवर ठेवला. तिच्या काळ्या स्वेटरवर पाच बोटं उमटली.

"कौमुदीची आई? हो, हो, फोटोत पाहिलंय मी तुम्हाला," ती जर्मनमध्ये म्हणाली. "मी नुरतेन, लेवेंतची आई. पण तुम्ही... भारतातून? एकट्या? डॉक्टरांनी विमानाने यायला परवानगी दिली? तुमचं हृदय?"

मला काही कळेना. मी म्हटलं, माझं हृदय?

"ऑपरेशन," ती म्हणाली आणि माझे दोन्ही हात तिने आपल्या पिठाच्या हातांत घेतले. "कौमुदी सगळं सांगते हो आम्हाला. लग्नाला तुम्हाला येता आलं नाही, ती किती रडली होती त्या दिवशी. मी तिला म्हटलं, आईला त्रास देऊ नकोस, मी आहे ना. मी दर शुक्रवारी तुमच्या हृदयासाठी दुवा मागते."

तिच्या मागे, बोळाच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या दारात कौमुदी उभी होती. खांद्यावर पुसायचं फडकं. तिच्या शेजारी एक उंच मुलगा, तो जमिनीकडे बघत होता, म्हणजे त्याला खरं माहीत होतं. कौमुदीचा चेहरा पांढरा पडला होता. तिने काही खूण केली नाही, मान हलवली नाही, ती नुसती बघत होती. आणि मला सगळं एकदम कळलं. यांच्यात आई लग्नाला आली नाही म्हणजे लोक विचारणार. माझी आई मला नको म्हणाली, असं त्या पोरीला सासूसमोर म्हणता आलं नसेल. तिने मला भारतात नेऊन ठेवलं, आजारी पाडलं, माझी छाती कापली, आणि एवढं करून माझं नाव राखलं. माझ्यासारखीच होती ती. मी तिला शिकवलं नव्हतं, तरी तिने हे माझ्याकडूनच घेतलं होतं.

एक हो पुरेसा होता. मला सगळं येत होतं. विमान कुठून सुटलं, किती वाजता उतरलं, डॉक्टर काय म्हणाले, गोळ्या कुठल्या, क्षणात मला हे सगळं सुचलं, आठ महिन्यांचा सराव होता. हो म्हटलं असतं तर कौमुदीची लाज राहिली असती आणि मी आत जाऊन खुर्चीत बसले असते, जपून, आजारी बाईसारखी. नुरतेनचे हात ऊबदार होते. जिन्यातून वारा येत होता.

"मी आजारी नाही," मी म्हटलं. माझं जर्मन अशा वेळी फार वाईट होतं, तरी एकेक शब्द ठेवत गेले. "मी भारतात राहत नाही. र्युसेल्सहाइमला राहते, वीस वर्षं झाली. मी लग्नाला आले नाही, कारण मला लाज वाटत होती. तुमच्या मुलाची. लोक काय म्हणतील त्याची. आजारपणाचं तिला मीच सांगायला लावलं होतं."

"श्टिम्ट निश्ट," कौमुदी म्हणाली. खरं नाही हे. मग ती मराठीत म्हणाली, "आई, आता तरी खोटं नको ना. तू नाही सांगितलंस. मी माझं मीच सांगितलं."

नुरतेनने माझे हात सोडले. तिने माझ्याकडे पाहिलं, कौमुदीकडे पाहिलं, आपल्या मुलाकडे पाहिलं. मराठी तिला कळलं नव्हतं, पण कळण्यासारखं काही उरलंही नव्हतं. तिच्या मानेवर लाल डाग चढत होते. ती दार लावून घेईल असं मला वाटलं, आणि तिने लावलं असतं तर मी तिला काही म्हणू शकले नसते.

"मग सहा महिने मी दुवा मागितली," ती सावकाश म्हणाली, "ती कुणाच्या हृदयासाठी?"

आत कशाला तरी उकळी आली होती, झाकण वाजत होतं, लेवेंतने मागे जाऊन गॅस बारीक केला.

"माझ्याच," मी म्हटलं. "इतक्यात थांबवू नका."

नुरतेन दारातून बाजूला झाली की नाही ते मी पाहिलं नाही, कारण कौमुदी बोळातून पुढे आली होती. तिने माझ्या अंगावरचा कोट काढला, एक बाही अडकली तरी ओढून काढला, आणि तो घेऊन ती आत निघून गेली. कोटाशिवाय मला आता परत जाता येणार नव्हतं, म्हणून मी वाकून बुटांचे बंद सोडायला लागले.